पांचाळ मॅडमचं बोट

१९ ऑगस्ट. अंगणात मूग पसरलाय आणि आभाळाचा भरवसा नाही. थोड्या थोड्या वेळानं उठून एकदा वर बघायचं, एकदा मुगात पाय फिरवायचा, एवढंच काम आहे. मधल्या वेळात कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी पांचाळ मॅडमवर लिहून द्यायचंय. संपादक म्हणाले, "थोडं भावनिक होऊ द्या." ते मला जमणार नाही. जे आठवतं ते लिहिते.

पांचाळ मॅडम दगड दिसला की डोळे मिटायच्या. कोणताही दगड. मैलाचा, देवळाच्या पायरीचा, तहसीलच्या ओट्याचा. डोळे मिटून उजव्या हाताचं पहिलं बोट त्यावरून सावकाश फिरवायच्या. माझ्या मुलीच्या बारशाला पहिल्यांदा आमच्या घरी आल्या, तेव्हा पाळण्याकडे जायच्या आधी न्हाणीजवळच्या पाट्याकडे गेल्या. बोट फिरवलं आणि माझ्या सासूबाईंना म्हणाल्या, "टाकी लावून लय दिवस झाले की ह्याला. चटणी कशी वाटता?" मग बाळ बघितलं. बाळाबद्दल काही बोलल्या नाहीत. सासूबाईंनी ती गोष्ट बरेच दिवस धरून ठेवली, पण त्याच आठवड्यात पाट्याला टाकी लावून घेतली.

आम्ही पूर्णेला एकाच आवारात नोकरीला होतो. त्या वरच्या वर्गांना इतिहास शिकवायच्या, मी अकरावी-बारावीला भूगोल. त्या चुडाव्याहून रेल्वेनं यायच्या. गाडी उशिरा आली तर फलाटाच्या फरशीवर बोट फिरवत बसत असाव्यात. माझ्याकडे स्कूटी होती आणि त्यांच्याकडे ताडपत्री, टॉर्च, ठसे घ्यायचा कागद आणि शाई. रविवारी आम्ही दोघी गावोगावचे शिलालेख बघत हिंडायचो. गावात शिरलं की कुणी ना कुणी विचारायचं, "सर्वे करायलात का बाई? घरकुलाचा हाय का?" मॅडम म्हणायच्या, "दगडाचा हाय. दगड हाय का घरात?" लोकांना ती थट्टा वाटायची, त्या खरंच विचारत असायच्या.

आता त्यांच्या आयर्लंडचं सांगते, कारण पूर्णा तालुक्यात त्यांना 'आयर्लंडवाल्या बाई' म्हणायचे आणि का म्हणायचे ते कुणालाच नीट माहीत नव्हतं. त्या तिकडे कधी गेल्या नाहीत. जायची इच्छा आहे का असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "थंडी असती तिकडं."

झालं असं, की त्यांनी एकदा मुलांना यादवकाळातला एक मराठी शिलालेख वाचायला नेलं होतं. दगडावरचा चिखल अजून धुतला नव्हता, तेवढ्यात एका मुलानं पहिली ओळ वाचून दाखवली. मॅडमनी चिखल धुतला. पहिली ओळ तिथं नव्हतीच. मुलगा खोटं बोलत नव्हता, त्याला ती खरंच दिसली होती. परत येताना मॅडम स्कूटीवर माझ्या मागे बसून म्हणाल्या, "ह्या पोरांना देवनागरी येती, हीच अडचण हाय. ते वाचीत न्हाईत, वळखतेत." मग त्यांनी अशी लिपी शोधली जी आपल्या मुलांना ओळखताच येणार नाही. ती निघाली आयर्लंडची, ओघम नावाची.

ओघममध्ये अक्षराला आकार नसतो. उभ्या दगडाची कड हीच ओळ. कडेच्या एका बाजूला एक ते पाच रेघा, ही पाच अक्षरं. दुसऱ्या बाजूला एक ते पाच, ही आणखी पाच. कड ओलांडून तिरप्या गेलेल्या रेघांची आणखी पाच. आणि स्वर म्हणजे कडेवरच्या नुसत्या बारीक खाचा. खालून वर वाचत जायचं. दीड हजार वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी असे दगड उभे केले आणि बहुतेक दगडांवर मजकूर एकाच धाटणीचा: हा अमक्याचा, अमका तमक्याचा मुलगा, तमक्या कुळातला. पुढच्या काळातल्या मठांमधल्या पोथ्यांत या लिपीची किल्ली जपली गेली, आणि शेजारच्या मुलखात काही दगडांवर तेच नाव रोमन अक्षरांतही कोरलेलं सापडलं, म्हणून ती वाचता येते. पण वाचता येते म्हणजे मोजता येते. एक रेघ कमी मोजली की माणूस बदलतो.

तिकडचे अभ्यासक काय करतात, ते मॅडम स्टाफरूममध्ये चहा पिता पिता सांगायच्या. फोनवर तिकडच्या एखाद्या दगडाचं चारी बाजूंनी फिरणारं चित्र असायचं, ते बोटानं फिरवत राहायच्या. सरळ उजेडात दगड सपाट दिसतो, म्हणून बाजूनं तिरका उजेड टाकायचा, म्हणजे चर सावली धरतो. मग बोटानं तपासायचं. जुन्या लोकांनी फोटो चांगला यावा म्हणून रेघांत खडू भरला होता, आणि नंतरचे लोक दगड सोडून खडूच वाचत बसले. "खडू लावला की ते मत झालं," मॅडम म्हणायच्या. स्वरांच्या खाचा बारीक, त्या आधी झिजतात. कधी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कुणी काढलेल्या चित्रात आज नसलेल्या खाचा असतात. त्या तेव्हा होत्या, की काढणाऱ्याला हव्या होत्या? ठरवता येत नाही. अशा वेळी टीप लिहायची, की अमक्यानं पाहिल्या असं तो म्हणतो. जे अक्षर अर्धंच दिसतं त्याच्याखाली ठिपका. जे गेलं त्याच्या जागी नुसते ठिपके.

मुलांना त्यांनी हे विटांवर शिकवलं. प्रत्येकानं विटेच्या कडेवर खिळ्यानं आपलं आणि वडिलांचं नाव ओघममध्ये कोरायचं. विटा पावसाळाभर कॉलेजच्या गच्चीवर ठेवायच्या. दिवाळीनंतर एकमेकांच्या विटा वाचायच्या. अनिता नावाच्या मुलीची वीट दुसरीच्या हाती गेली, तिनं वाचून दाखवलं, "मॅडम, नुसतं न आन त उरलंय."

"मग तेवढंच लिही. बाकी ठिपके."

"पण ही अनिता हाय की, समोर बसलीय."

"ती समोर हाय म्हणून तुला कळलं. इटेनं सांगितलं का?"

प्राचार्यांनी गच्चीवरच्या विटांबद्दल दोनदा लेखी विचारणा केली. मॅडमनी दोन्ही वेळा 'अध्यापन साहित्य' असं उत्तर दिलं.

या सगळ्याचा माझ्या सासरच्या बैलांशी संबंध येईल असं मला वाटलं नव्हतं. आमचं गाव ताडकळसच्या अलीकडे. एकदा जेवताना मी सहज सांगितलं, की तिकडच्या जुन्या कायद्यात जमिनीच्या वादात असा कोरीव दगड साक्षीला चालायचा. माझे सासरे, त्यांना आम्ही आबा म्हणतो, घास हातात धरून थांबले.

"मंग आपला दगड काय मुका हाय?"

आमच्या गावात मारुतीच्या पारावर एक लेख असलेला काळा दगड आहे. पोळ्याला तोरणाखालून पहिली बैलजोडी आमच्या घरची जाते, कारण त्या दगडावर आमच्या मूळपुरुषाचं, रामाजीचं, नाव आहे आणि देऊळ त्यानं बांधलं, असं आमच्या घरात सांगतात. दर पोळ्याआधी आबा स्वतः पांढऱ्या ऑइलपेंटनं ती अक्षरं रंगवायचे. बळीराम काका दुसऱ्या भावकीतले. त्यांचं म्हणणं, देऊळ त्यांच्या पूर्वजानं बांधलं आणि रंगाखाली काय आहे ते देवालाच ठाऊक. एका पोळ्याला दोन्ही जोड्या एकदमच तोरणाखाली घुसल्या. माझ्या दिराचा हात मोडला आणि पुढच्या पोळ्याला पोलीस उभे राहिले. शेवटी ग्रामसभेत ठरलं, दगड वाचून घ्यायचा. वाचणारं माणूस आबांनीच सुचवलं. "सूनबाईची मैत्रीण हाय. आपलीच बाई हाय."

आबांचं काय पणाला लागलं होतं ते सांगायला हवं. घरात त्यांच्या शब्दाला आता फारशी किंमत उरलेली नाही. शेत माझा नवरा बघतो, ट्रॅक्टर दीर चालवतो, पेरणी कधी करायची ते हवामानाचं ॲप सांगतं. बैलजोडी ठेवलीय ती केवळ आबांच्या हट्टापायी. वर्षातला तो एक दिवस गाव त्यांच्या मागून चालतं.

मी मॅडमना निरोप दिला. त्या म्हणाल्या, "येते. पण काय निघल ते तुझ्या सासऱ्याला मानवल का न्हाई, ते मला इचारू नको."

उन्हाळ्यात त्या आल्या. दोन्ही भावक्यांसमोर त्यांनी रंग काढायला सुरुवात केली. तारेचा ब्रश कुणाला आणू दिला नाही. रंग भिजवायचा, बांबूच्या काडीनं उचलायचा. थरावर थर निघत गेले. मग भर दुपारी दगडावर ताडपत्री टाकली आणि आम्ही दोघी आत शिरलो. आत अंधार आणि भट्टीसारखा उकाडा. मी टॉर्च बाजूनं तिरकी धरली होती. बाहेरून कुणीतरी म्हणालं, "आत काय करायल्यात ह्या?" दुसरा म्हणाला, "वाचायल्यात." पहिला म्हणाला, "अंधारात?"

मॅडमनी माझं बोट धरून दगडावर ठेवलं. जिथं 'रामाजी' लिहिलेलं मी लग्नापासून बघत आले होते, तिथं नुसती भोकं होती. बेसाल्ट झिजला की अशी भोकं उघडी पडतात, ते मी मुलांना शिकवते. दर वर्षी आबांनी मागच्या वर्षीच्या रंगावर रंग दिला होता, त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांनी. अक्षरं रंगात वाढत गेली होती, दगडाला त्याची खबर नव्हती. थोडं खाली बोट एका खोल, स्वच्छ चरात उतरलं. तिथं 'पुत्र' होतं. त्यानंतर पुन्हा भोकं. शेवटी 'जी'.

मॅडम बाहेर आल्या, पदरानं तोंड पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवलं. "ठिपके. पुत्र. ठिपके. जी."

मग बळीराम काकांनी विचारलं, "आमचं नाव हाय का?"

"न्हाई."

आबा म्हणाले, "आमचं?"

"न्हाई."

"मंग हाय कुणाचं?"

"कुणाच्या तरी लेकाचं."

दुसऱ्या दिवशी आबा रेल्वेनं चुडाव्याला गेले. एकटे जायचे नाहीत म्हणून मला सोबत जावं लागलं. मॅडमनी चहा ठेवला. आबा म्हणाले, "बाई, शेवटच्या नावात जी हाय म्हणता. मंग वरलं रामाजी असंल की. दोन-तीन अक्षरं तर लिहायची. कोण बघायलंय आयर्लंडातून?"

"मी बघायले की, आबा."

"माझ्या आज्यानं ते नाव सोता वाचलेलं. मला खांद्यावर घेऊन दाखवलेलं."

"मग तसं लिहिते. खाली टीप देते, दगडावर आता दिसत न्हाई, पण आबांच्या आज्यानं पाहिलं असं आबा सांगतेत."

आबा उठले. "मी टीप न्हाई," म्हणाले आणि चहा तसाच ठेवून स्टेशनकडे निघाले. मॅडमनी तो चहा पातेल्यात परत ओतला नाही, स्वतः प्यायल्या. मला म्हणाल्या, "जा, गाठ त्यांना. रूळ वलांडतेल."

त्यानंतर आबा माझ्याशी बोलायचे बंद झाले. भाजीत मीठ कमी असलं तर ते माझ्या मुलीला सांगायचे, आणि ती मला, आम्ही तिघं एकत्रच जेवायला बसलेलो असताना. रविवारचं माझं हिंडणं मी थांबवलं नाही. स्कूटी माझी आहे.

पोळ्याला दोन्ही जोड्या सजून तोरणाच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या आणि कुणीच पुढं जाईना. आबांना दुसरं जायचं नव्हतं आणि पहिलं जायला दगड राहिला नव्हता. बळीराम काका दोन पावलं पुढं गेले, तर पोरं ओरडली, "काका, तुमचं नाव कुटं हाय?" ते मागं आले. ऊन उतरायला लागलं. बैल झुली हलवत माश्या वारत होते. सरपंचबाईंनी मला मॅडमना घेऊन यायला सांगितलं. मॅडम आल्या, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला दगडाचं इचारा. बैलाचं तुमचं तुमी बघा." आणि पारावर बसून राहिल्या.

मग गावानं चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी निघाली ती दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या एका घराची. त्यांच्या बैलांच्या शिंगांचा रंग अजून ओला होता, पहिला मान आपल्याला मिळेल असं त्यांनी धरलंच नव्हतं. ते पुढं गेले. मागून आबा गेले, आबांच्या मागून बळीराम काका. घरी येऊन आबांनी बैलांना पुरणपोळी दिली आणि स्वतः न जेवता झोपले.

हिवाळ्यात मॅडमची किडनी गेली. परभणीला दवाखान्यात ठेवलं होतं. मी निघाले तर आबा धुतलेलं धोतर नेसून दारात उभे. मुलीला म्हणाले, "तुझ्या मायला सांग, मला बी यायचंय."

वॉर्डात ते स्टुलावर टेकले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बाई, एक इचारायचंय."

"अक्षरं मागायची असली तर आता पेन धरता येत न्हाई, आबा."

"न्हाई. आमचं नाव तिथं कधी नव्हतंच, का हुतं आन झिजलं?"

मॅडमनी डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या. मग म्हणाल्या, "असंल."

आबा ताठ बसले.

"नसंल बी," मॅडम म्हणाल्या. "भोकं पडलीत तिथं. भोकात काय हुतं ते भोक सांगत न्हाई."

आबांनी मान हलवली, टोपी घातली आणि खिशातून आणलेलं मोसंबं उशाशी ठेवलं. परतीच्या एसटीत ते कित्येक महिन्यांनी माझ्याशी थेट बोलले. "बाई असंल म्हनली."

"नसेल पण म्हणाल्या, आबा."

"ते मागून म्हनली."

त्याच आठवड्यात मॅडम गेल्या. चुडाव्याला माती झाली. कॉलेजमधले बरेच जण आले होते, विटांवर शिकलेली काही मुलं-मुलीही आली होती. अनिताला आता एक मूल आहे.

रात्री जेवताना माझ्या नवऱ्यानं सांगितलं, की संध्याकाळी आबा पारावर बसून सांगत होते, बाईनं शेवटच्या भेटीत कबूल केलं, रामाजीचं नाव तिथं होतं म्हणून. माणसं हात जोडत होती. मरणाऱ्या माणसाचा शब्द, त्यावर कोण काय बोलणार? पुढच्या पोळ्याला चिठ्ठ्या नकोत, असंही कुणीतरी म्हणालं. बळीराम काका उठून गेले होते.

"असं म्हणाल्या नाहीत त्या," मी म्हणाले.

"राहू दे," नवरा म्हणाला. "म्हातारं माणूस हाय. किती पोळे राहिलेत त्यांचे?"

आबांचे किती राहिलेत ते मला माहीत नाही. पण वॉर्डात आम्ही तिघंच होतो. त्यातल्या एक गेल्या होत्या आणि एक अर्धंच सांगत होते. मी भांडी घासली, सकाळची कणीक भिजवून ठेवली आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरून मी स्कूटी काढली आणि पाराजवळ थांबवली. पुरुष उन्हाला बसले होते. आबा होते, बळीराम काकाही होते. आमच्याकडे सुना पारावर चढत नाहीत, म्हणून मी खाली उभी राहिले आणि तिथूनच बोलले. "पांचाळ मॅडम म्हणाल्या, असेल. लगेच म्हणाल्या, नसेल पण. दोन्ही म्हणाल्या. मी तिथं होते."

बळीराम काका माझ्याकडे नाही, आबांकडे बघत होते. "म्हंजी पोळ्याला चिठ्ठ्याच का?"

आबांनी हातातली तंबाखू मळून पूर्ण केली, चिमूट ओठाखाली ठेवली.

"चिठ्ठ्याच," ते म्हणाले.

मी स्कूटी चालू केली. पहिला तास अकरावीचा होता.